कंपनीच्या नाण्यावरचा राम खोटा, सारनाथचे सिंह खरे

रामनवमी जवळ आली किंवा निवडणूक लागली की मोबाईलवर एक चित्र फिरू लागते. पिवळट धातूचे नाणे. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', त्याखाली १८१८ हे साल आणि 'एक आणा' किंवा 'अर्धा आणा'. कधी रामाऐवजी कमळ असते, कधी ओम, कधी नुसता हनुमान. सोबतच्या मजकुराचा आशय ठरलेला: इंग्रजांच्या राज्यातसुद्धा नाण्यावर आपला देव होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला, आता विचारा कोणी काढला.

प्रश्न विचारायला आमची हरकत नाही. प्रश्न विचारणे हीच आपली परंपरा आहे. पण तपासणी नाण्यापासून सुरू झाली पाहिजे, घोषणेपासून नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्या बौद्धपुऱ्यांतली पोरेही हे चित्र एकमेकांना पाठवतात. काही चेष्टेने, काही रागाने, तर काही "असेल बुवा" म्हणून. या "असेल बुवा"ची आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते. खोटा पुरावा पचला की त्यावर उभी राहणारी मागणीही पचते. म्हणून हा लेख.

नाणेच साक्ष देते

पहिली गोष्ट सालाची. या तथाकथित नाण्यांवर १६१६, १७१७, १८१८ आणि १८३९ अशी साले सापडतात. पहिल्या तीन सालांत अंकांची जोडी पुन्हा येते, हे लक्षात घ्या. १६१६ साली कंपनी सुरतेत वखार टाकून बसलेली व्यापारी संस्था होती. मोगल बादशहाच्या मुलखात स्वतःच्या नावाचे नाणे पाडायची तिची काय बिशाद? १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने कंपनीला फर्मान दिले, त्यात मुंबईत नाणी पाडायची मुभा होती. पण ती बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत. राम नाही, कमळ नाही आणि 'वन अॅना' तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट १८१८ ची. त्या साली कंपनीचे सगळ्या हिंदुस्थानासाठी एकच असे चलन अस्तित्वातच नव्हते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. बंगालची नाणी शाह आलम बादशहाच्या नावाने निघत. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर एका बाजूला कंपनीचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू असे. तराजूखाली फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. लुटीचा हिशेब करणाऱ्या कंपनीने न्यायाचा तराजू मिरवावा, हा विनोद तेव्हाचाच. सर्व हिंदुस्थानासाठी एकसारखे चलन १८३५ च्या कायद्याने आले. त्या रुपयावर एका बाजूला राजा चौथा विल्यम याचे डोके होते आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव. वजन १८० ग्रेन, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी.

तिसरी गोष्ट आण्याची. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, हा हिशेब जुना. पण चलनात सर्रास आलेले 'एक आणा' हे नाणे सातव्या एडवर्डच्या काळातले, १९०७ चे. ते तांबे-निकेलचे आणि कडेला लाटा असलेले होते. म्हणजे १८१८ चा 'एक आणा' कंपनीने पाडला असेल, तर तो जवळपास नव्वद वर्षे आधी पाडला असे मानावे लागेल. त्यावर कधीकधी 'यूकेएल' अशी अक्षरेही असतात. कंपनीच्या कोणत्याही खऱ्या नाण्यावर ही अक्षरे नाहीत.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. १८१८ साली आजचा वर्धा जिल्हा कंपनीच्या थेट अमलाखाली नव्हता. तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली. त्यानंतर आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि रेसिडेंटच्या देखरेखीत लहान वयाच्या तिसऱ्या रघुजीच्या नावाने कारभार चालू राहिला. राज्य खालसा झाले १८५४ मध्ये. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६२ मध्ये. तेव्हा "आमच्या पणजोबांना कंपनीच्या राज्यात १८१८ मध्ये मिळालेले नाणे" असे वर्ध्यात कोणी सांगत असेल, तर त्याचा इतिहास नाण्याइतकाच खोटा आहे.

मग या वस्तू आहेत तरी काय? तीर्थक्षेत्री, जत्रेत, देवळापुढच्या दुकानात पूजेसाठी विकली जाणारी टोकने. त्यांना रामटंका म्हणतात. देव्हाऱ्यात ठेवायची, गळ्यात घालायची वस्तू. ज्याची श्रद्धा आहे त्याने ती खुशाल ठेवावी, त्याबद्दल आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्यावर 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि सन कोरून तिला सरकारी चलन म्हणून खपवण्याशी. पूजेचे टोकन ही एक गोष्ट, राज्याचे नाणे ही दुसरी. श्रद्धेच्या वस्तूवर सरकारी शिक्का रंगवला की ती श्रद्धेची राहत नाही आणि सरकारची होत नाही.

खरे देवही होते, तेही सांगू

आता वाद घालताना आपल्या बाजूचे काही लोक म्हणतात की कंपनीने नाण्यावर देव कधीच ठेवला नाही. असे सरसकट बोलू नका, कारण ते खरे नाही. मद्रास इलाख्यात कंपनीने सोन्याचे 'पॅगोडा' नाणे पाडले, त्यावर विष्णूची आकृती होती. व्यंकटेश आणि त्याच्या दोन पत्नी असलेले 'तीन स्वामी' पॅगोडाही होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पॅगोड्यावर एका बाजूला गोपूर, दुसऱ्या बाजूला विष्णू. विजयनगरच्या काळापासून दक्षिणेत असे नाणे चालत आले होते, कंपनीने त्याचीच नक्कल केली. बाजारात जे चालते ते पाडायचे, एवढाच त्यामागचा हिशेब.

यातून काय दिसते? उत्तरेत मोगल बादशहाचे नाव, दक्षिणेत विष्णू, मुंबईत तराजू. कंपनीला राम प्यारा नव्हता आणि रहीमही नव्हता. तिला प्यारा होता नफा. ज्या गावात जे नाणे विश्वासाने घेतले जाई, तिथे तेच चिन्ह तिने उचलले. आणि गंमत अशी की मद्रास इलाख्याने पॅगोडा सोडून चांदीचा रुपया प्रमाण मानला तो १८१८ मध्येच. व्हॉट्सअॅपवर ज्या साली नाण्यावर देव 'आला', त्याच साली खऱ्या इतिहासात विष्णूचे नाणे मागे पडले.

पुढे १८५८ मध्ये राज्य कंपनीकडून राणीकडे गेले. १८६२ पासून नाण्यावर कंपनीचे नाव जाऊन नुसते 'इंडिया' आले, दर्शनी बाजूला व्हिक्टोरिया. १८७७ पासून तिच्या नावापुढे 'सम्राज्ञी'. मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. धर्माच्या बाबतीत हे सरकार किती जपून पावले टाकत होते, याचे एक उदाहरण १९११ चे आहे. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोशाखावर एक हत्ती कोरलेला होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. सरकारने ती नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरून नवा साचा काढला. सोंडेच्या लांबीवरून साचा बदलणारे सरकार सगळ्या देशाच्या नाण्यावर एका पंथाचा देवदरबार बसवील, हे पटते का?

आणि कमळ? कमळ होते. पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला वेलबुट्टीत इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचे काटेफूल, आयर्लंडचे त्रिदल आणि हिंदुस्थानचे कमळ गुंफलेले होते. साम्राज्याच्या बागेतले एक गुलाम फूल, एवढेच त्याचे स्थान. त्यात अभिमानाने मिरवण्यासारखे काय आहे ते आम्हाला कळलेले नाही. कमळ पाहायचेच असेल तर सारनाथला पाहा. अशोकाच्या स्तंभशीर्षावर सिंहांच्या खाली उलटे कमळ आहे, आणि ते त्याच्यापेक्षा दोन हजार वर्षांहून जुने आहे.

नाण्यावर कोणीही असो, ते हातात कसे पडत होते?

इथवर नाण्याच्या दोन बाजू झाल्या. आम्हाला तिसरी बाजू विचारायची आहे: ते नाणे ज्या हातात पडले, त्या हाताची.

गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला नाणे येतच नव्हते. वेसकरी करा, मेलेले जनावर ओढा, सरकारी टपाल पोचवा, साहेबाचे सामान वाहा. मोबदला काय, तर सुगीत खळ्यावरचे उरलेसुरले धान्य आणि दारोदारची शिळी भाकर. रोख पैसा हातात येणे म्हणजे गावाबाहेर पडण्याची सोय होणे. म्हणूनच तो येऊ दिला जात नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हेच होते. वतन हा मान नाही, ती बिनपगारी गुलामी आहे आणि श्रमाला रोख वेतन मिळाले पाहिजे, हा तो आग्रह होता.

आणि जेव्हा पैसा मिळाला तेव्हा कसा मिळाला? दुकानदार वरून ओंजळीत टाके. आपण द्यायचा तर उंबऱ्यावर ठेवायचा. मग तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. राणीचे डोके पाण्याच्या शिंतोड्याने शुद्ध होत होते, ते नाणे धरणारा हात मात्र शुद्ध होत नव्हता. त्या पैशावर तराजू होता तेव्हाही हेच, राणी होती तेव्हाही हेच. दक्षिणेत विष्णूचा पॅगोडा चालत होता तेव्हा तिथल्या अस्पृश्यांचे काही वेगळे होते का? नाण्यावर देव असल्याने ज्यांची सावली विटाळ होती, त्यांचा विटाळ फिटला असे एकही उदाहरण कोणी दाखवावे.

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. पुढे हिंगणघाट, पुलगावलाही गिरण्या निघाल्या. तिथे आपल्या माणसांच्या हाती महिन्याची रोख मजुरी पडू लागली. त्या नाण्यावर परक्या राजाचेच डोके होते. पण त्या पैशातून चळवळीची वर्गणी निघाली आणि पोरांच्या शाळेची फी भरली गेली. गिरणीतही विटाळ होताच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. म्हणून आम्ही म्हणतो: नाण्यावर कोण आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण नाणे कोणाच्या हातात आहे आणि ते कसे दिले जाते, हा प्रश्न त्याच्याआधीचा आहे.

बाबासाहेबांनी नेमके हेच केले. १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि काही मुद्द्यांवर मतभेद असल्याचे कॅनन यांनी तिथेच लिहून टाकले आहे. त्या ग्रंथात नाण्यावरच्या चित्राची चर्चा नाही. चर्चा आहे ती १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्यानंतर रुपयाची किंमत कोणाच्या मर्जीवर गेली याची. चलन किती काढायचे याला पक्की मर्यादा हवी, सत्ताधाऱ्याच्या लहरीवर ते सोडू नये, हा त्यांचा मुद्दा. भाव चढले की व्यापाऱ्याचा नफा चढतो आणि मजुराची मजुरी मागे राहते, हेही त्यांनी स्पष्ट पाहिले होते. १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. जेवढे कागदावर आहे तेवढेच सांगितले तरी बाबासाहेब मोठेच राहतात. त्यात पदरचे काही घालायची गरज नाही.

राजाच्या जागी कोण बसला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर नाण्यावरून काय काढले गेले?

दुसऱ्या महायुद्धानंतर चांदी परवडेना, तेव्हा १९४६-४७ मध्ये निकेलची नाणी आली. पाव, अर्धा आणि एक रुपया. त्यांच्या एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ. आज ज्याला आपण राष्ट्रीय प्राणी म्हणतो तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर परक्या राजाच्या पाठीला पाठ लावून उभा होता. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही जवळपास तीन वर्षे हीच नाणी चालू राहिली. १५ ऑगस्ट १९५० रोजी नवी मालिका आली. राजाचे डोके गेले आणि त्या जागी सारनाथचे सिंह आले. रुपयावरच्या वाघाच्या जागी धान्याचे कणीस आले. नोटेवर तर हा बदल आधीच, १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर झाला होता.

म्हणजे उत्तर अगदी साधे आहे. नाण्यावरून काढला गेला तो राम नव्हता. काढला गेला तो इंग्लंडचा राजा. ज्यांना त्याचे दुःख असेल त्यांनी तसे उघड म्हणावे.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मुकुट उतरल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर कोणाला बसवायचे? दुसरा एखादा राजा? एखादा पुढारी? एखादा देव? नव्या प्रजासत्ताकाने यांपैकी कोणालाही बसवले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेले बोधचिन्ह म्हणजे एका स्तंभाचे शीर्ष. बुद्धाने जिथे पहिले प्रवचन दिले, त्या जागी अशोकाने उभारलेल्या स्तंभाचे. उत्खननात ते १९०५ च्या सुमारास मातीखालून बाहेर आले. चार सिंह पाठीला पाठ लावून चार दिशांना पाहतात, त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि मध्ये धम्मचक्र. अशोकाच्या स्वतःच्या काळातल्या आहत नाण्यांवर ना राजाचा चेहरा आहे, ना नाव. सूर्य, टेकडी, झाड अशी चिन्हे तेवढी आहेत. ज्याने आपला चेहरा नाण्यावर छापला नाही, त्याचा स्तंभ आपण नाण्यावर आणला. याहून समर्पक निवड कोणती?

इथेही आपल्या बाजूने अचूक बोलू. राष्ट्रध्वजासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र असलेला ध्वज मंजूर झाला. बोधचिन्हाखालचे बोधवाक्य मुंडक उपनिषदातले आहे, तेही आपण लपवत नाही. या देशाने एकत्र बसून निवडलेले हे चिन्ह आहे, एका माणसाने गुपचूप बसवलेले नव्हे. म्हणूनच ते पक्के आहे. आणि म्हणूनच ते कोणी बदलू पाहत असेल तर तो एका समाजाचा नव्हे, संविधान सभेचा अपमान आहे.

खोटा भूतकाळ कशासाठी?

कोणी म्हणेल, एका पितळी टोकनावर एवढे लिहायचे कारण काय? कारण आहे. हे टोकन अमुक संघटनेने पाडले असा आमचा दावा नाही. बहुतेक ती विकणाऱ्याला चार पैसे हवे असतात. पण त्याचे चित्र जो मजकूर पाठीवर घेऊन फिरते, तो मजकूर राजकीय आहे. "पूर्वी होतेच, आता परत आणा" ही युक्ती जुनी आहे. मागणी नवी असते तेव्हा तिला पुरावा जुना लागतो. नसेल तर तो घडवला जातो.

मागण्या तर समोर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर लक्ष्मी-गणेश छापा म्हणून मागणी केली. त्याच वर्षी जुलैत नव्या संसद भवनावर बसवलेल्या सिंहांचे जबडे मूळ सारनाथपेक्षा उग्र केले, असा आक्षेप अनेकांनी घेतला. १ ऑक्टोबर २०२५ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त १०० रुपयांचे स्मारक नाणे निघाले. एका बाजूला राष्ट्रीय बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला सिंहासह भारतमाता आणि तिला वंदन करणारे स्वयंसेवक. स्वतंत्र भारताच्या चलनावर भारतमाता प्रथमच आल्याचे पंतप्रधानांनी स्वतः अभिमानाने सांगितले.

स्मारक नाणे आणि रोजच्या व्यवहारातले नाणे यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. स्मारक नाणी अनेकांची निघाली. १९९० मध्ये बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे निघाले, २०१५ मध्ये १२५ आणि १० रुपयांची निघाली. २००९ मध्ये सेंट अल्फोन्सा यांचे, २०१२ मध्ये काँग्रेसच्या राज्यात वैष्णोदेवी मंदिर मंडळाचे. म्हणजे देवीला नाण्यावर आणायचा रस्ता एकट्या भाजपने तयार केला असेही नाही. पण एक प्रश्न उरतोच. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाण्याचा आकार आणि नक्षी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. आज स्मारक नाण्यावर जे आले, ते उद्या भाजीवालीच्या हातातल्या पाच रुपयांवर येणार नाही याची हमी कोणता कायदा देतो? हमी एकच: लोकांची जाणीव. आणि ही जाणीव बोथट करण्याचे काम १८१८ चे खोटे नाणे करते.

१८१८ हे साल आपल्यासाठी काय आहे हे सांगायला नको. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या भीमेकाठी जे झाले, त्याची साक्ष तिथला दगडी स्तंभ देतो. त्यावर नावे कोरलेली आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले होते. आपल्या १८१८ ला दगडाचा पुरावा आहे. त्यांच्या १८१८ ला पितळेचे टोकन. दोन्ही एकाच तराजूत टाकू नका. आणि आपला पुरावा खरा आहे म्हणूनच आपल्याला खोट्याचा आधार घेण्याची गरज नाही. उद्या कोणी कंपनीच्या नाण्यावर बुद्ध किंवा अशोकचक्र असलेले चित्र आपल्या ग्रुपवर टाकले, तर त्यालाही हीच कसोटी लावा. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, तपासून माना, असा उपदेश ज्याने केला त्याचे आपण अनुयायी आहोत.

गरिबाच्या खिशावर डोळा

या खोट्या नाण्यांची आणखी एक बाजू आहे आणि ती थेट आपल्या घरात शिरते. "हे नाणे असेल तर लाखो मिळतील" असे सांगणारे दलाल गावोगाव भेटतात. कोणी म्हणतो तांदूळ ओढणारे नाणे आहे, 'राइस पुलर', त्यात दैवी धातू आहे. मग नोंदणीची फी, तपासणीची फी, कमिशन. घरातले मंगळसूत्र गहाण पडते आणि दलालाचा फोन बंद होतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून पैसे उकळले जात आहेत, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक असे कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

रामाच्या चित्रामुळे संशय घ्यायची हिंमत होत नाही, हे दलालाला बरोबर कळते. अंधश्रद्धा आणि फसवणूक एकाच नाण्याच्या दोन बाजू असतात, त्या अशा. गुप्तधनाच्या नादाने माणसाच्या जिवावर उठणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तोही माहीत असू द्या.

आपण काय करायचे?

एक, असे चित्र आले की शिवी देऊ नका, चार प्रश्न टाका: १८३५ आधी कंपनीचे एकसारखे चलन होते का? एक आण्याचे नाणे कधी आले? 'यूकेएल' म्हणजे काय? १८१८ मध्ये वर्ध्यात राज्य कोणाचे होते? शिवीने समोरचा पेटतो, प्रश्नाने तो अडतो.

दोन, घरात, पेटीत, आजीच्या बटव्यात खरी जुनी नाणी असतात. भोक असलेला पैसा, राणीचा रुपया, वाघाचा पावला. ती विहारात आणा. तारखेनुसार मांडा, शेजारी साधी चिठ्ठी लावा. अशोकाचे सिंह १९५० पासून सुरू होतात, हे मुलाला भाषणापेक्षा त्या ओळीत मांडलेल्या नाण्यांतून लवकर कळेल. नागपूरचे अजब बंगला संग्रहालय आपल्यापासून दोन तासांवर आहे. सहल काढायचीच असेल तर तिथेही काढा.

तीन, शेतात, पडक्या वाड्यात खरोखर जुनी नाणी सापडली तर दलालाला दाखवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. पवनारसारख्या ठिकाणी उत्खनन झालेला हा जिल्हा आहे. इथली जमीन बोलते. तिचा पुरावा भंगारात घालू नका.

चार, प्रतीकांची लढाई लढताना रुपयाची लढाई विसरू नका. सेवाग्राम आश्रम १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर झळकला. वर्ध्याच्या वाट्याला नोटेवरचे चित्र आले. त्याच वर्ध्याच्या कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसाकाठी किती नोटा मिळतात, हे कोणत्या नोटेवर छापले आहे? बाबासाहेबांनी रुपयाकडे या नजरेने पाहायला शिकवले. त्याच्यावर कोणाचे तोंड आहे हे पाहा, आणि तो कोणाच्या तोंडचा घास काढतो तेही पाहा.

सारनाथचे सिंह नाण्यावर आले तेव्हा या देशाने राजा, देव आणि जात या तिघांनाही सांगितले की ही जागा आता तुमची नाही. ती जागा कोणी मागायला आला तर त्याला अडवायचे. आणि तो खोटे नाणे पुढे करून मागत असेल, तर ते नाणे त्याच्याच हातावर ठेवून विचारायचे: ही कोणत्या टांकसाळीत पाडली?

जय भीम!